तीन वेळा फवारूनही परतलेली कीड : एका नांदरुक बोन्सायचं प्रकरण

झाड नांदरुकाचं. वय वीसच्या आसपास, उंची कुंडीच्या काठापासून दीड फूट. खोडाला एक सौम्य वळण, डावीकडे खाली उतरत गेलेली एक लांब फांदी आणि उजवीकडून मातीत उतरून जाड झालेल्या दोन पारंब्या. पुण्यात कोथरूडच्या एका सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावरच्या पूर्वेकडच्या बाल्कनीत ते वाढलं. ज्या काकूंनी ते वाढवलं त्यांनी बोटाएवढ्या फाट्यापासून सुरुवात केली होती, त्यामुळे खोडावरची प्रत्येक खूण त्यांना ओळखीची आहे.

दिवाळीच्या सुमाराला पानांच्या बेचक्यांत पांढरे ठिपके दिसायला लागले. काकूंना ती भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, वाटली आणि त्यांनी बुरशीनाशक फवारलं. आठवड्याभरात ठिपक्यांचे कापसाचे पुंजके झाले. मग दुकानदाराच्या सांगण्यावरून इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक. त्यानंतर पंधरवडाभर झाड स्वच्छ दिसलं आणि पुंजके परत आले. तिसऱ्या खेपेला निंबोळी तेलात भांडी घासायचा पातळ साबण मिसळून, ऊन डोक्यावर असताना फवारा. त्यानं पानांच्या कडा करपल्या. डिसेंबरच्या सुरुवातीला त्यांचा फोन आला: "अरे, पानं पिवळी पडून गळायला लागलीत. येऊन बघतोस का?"

जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन असतं. तिथे हे झाड मांडायचं त्यांच्या मनात होतं. म्हणून गणपतीनंतर शेंगदाणा पेंडीचं पाणी दर आठवड्याला चालू होतं आणि वरून चिमूटभर युरियाही. झाड हिरवंगार झालं होतं खरं, पण त्या हिरवेपणाचा या प्रकरणाशी थेट संबंध आहे.

काय दिसलं

पांढरे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण. भुरी आणि पिठ्या यांत गोंधळ नेहमी होतो, पण ओळख सोपी आहे. भुरी पानाच्या पृष्ठभागावर पसरते, बोटानं पुसली की कोरडी भुकटी लागते. पिठ्या बेचक्यात, शिरेच्या कडेला, फांदीला वळण द्यायला गुंडाळलेल्या तारेच्या वेटोळ्याखाली दडतो आणि काडीनं चिरडला की ओलसर, पिवळट किंवा लालसर डाग पडतो. भिंगातून पाहिलं तर पाय दिसतात. जात नेमकी कोणती हे सांगायला मादीची काचपट्टी करून सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं. उपचार ठरवायला त्याची गरज नव्हती.

खालची पानं हाताला चिकटत होती. पिठ्या झाडाचा रस पितो आणि त्यातली जास्तीची साखर बाहेर टाकतो. शेतकरी त्याला चिकटा म्हणतात. चिकट्यावर काळी बुरशी धरते, तिलाच विदर्भातले संत्रा बागाईतदार कोळशी म्हणतात. तिथे ती काळ्या माशीच्या चिकट्यावर येते, इथे पिठ्याच्या. कोळशी पानाच्या आत शिरत नाही, पण ऊन अडवते. डाव्या फांदीची पानं जवळजवळ काळी होती आणि सर्वांत जास्त गळ तिथेच होती.

मी झाडाकडे बघण्याआधी लाकडी मांडणीकडे बघितलं. एका पायावरून काळ्या मुंग्यांची रांग वर चढत होती. भिंतीतल्या फटीतून निघून मांडणीचा पाय, तिथून कुंडीच्या तळाचं भोक, आणि दुसरी रांग काठावरून खोडावर. काकू म्हणाल्या, "मुंग्या काय, सगळ्याच कुंड्यांत असतात." असतात, पण या वर जाताना रिकाम्या पोटी होत्या आणि उतरताना त्यांची पोटं फुगलेली, पारदर्शक दिसत होती. त्या चिकटा पिऊन परतत होत्या.

तळाच्या भोकात जाणारी रांग मला जास्त खटकली, कारण मातीत चिकटा असल्याशिवाय मुंग्या तिथे रोज जात नाहीत. बांबूची पातळ काडी कुंडीच्या काठानं फिरवून मुळांचा गड्डा एका बाजूनं अलगद उचलला. नांदरुकाची मुळं दोन-तीन वर्षांत इतकी गुंफतात की गड्डा अख्खा उचलला जातो. कुंडीच्या आतल्या भिंतीवर निळसर पांढरे मेणचट डाग होते आणि मुळांच्या जाळीत तांदळाच्या कणीपेक्षा लहान पांढरे किडे.

इथे एक सावधगिरी. निरोगी मातीतही मुळांवर उपकारक बुरशीचे पांढरे धागे असतात आणि ते पाहून घाबरून लोक चांगली माती धुऊन टाकतात. ते धागे मातीभर जाळ्यासारखे पसरतात आणि ओल्या जंगलातल्या मातीसारखा वास येतो. पिठ्याचं मेण ठिपक्याठिपक्यांनी असतं, कुंडीच्या भिंतीला चिकटतं, पाणी त्यावरून ओघळून जातं, आणि भिंग लावून थोडा वेळ थांबलं तर एखादा ठिपका चालायला लागतो. इथे तो चालला.

तीन फवारण्या का फुकट गेल्या

बुरशीनाशकाचा किड्यांशी संबंध नव्हता, ते सोडून देऊ. इमिडाक्लोप्रिडचं अपयश समजून घेण्यासारखं आहे. हे आंतरप्रवाही औषध झाडात पाण्याच्या वाटेनं फिरतं, म्हणजे खालून वर. मुळाशी दिलं तर पानांत पोचतं. पानांवर फवारलं तर पानांपुरतं राहतं, मुळांकडे उतरत नाही. वरचे किडे मेले, खालचे जगले आणि मुंग्यांच्या सोबतीनं पुन्हा वर आले. मुंग्या पिठ्याची पिलं तोंडात धरून नव्या कोंबावर नेऊन ठेवतात, हे भिंगातून स्पष्ट दिसतं.

दुसरी बाजू अंड्यांची. पिठ्याची मादी मेणाच्या कापशी पिशवीत शेकड्यांनी अंडी घालते. लिंबूवर्गातल्या पिठ्यासारख्या जातींत एका पिशवीत तीनशे ते सहाशे अंडी असतात. त्या पिशवीत फवारा शिरत नाही. उबदार हवेत आठ-दहा दिवसांत पिलं बाहेर पडतात आणि महिन्याभरात पुढची पिढी तयार होते. अंड्यातून नुकतंच बाहेर आलेलं पिलू फिरतं असतं, अंगावर मेण जवळजवळ नसतं, आणि त्याला मारणं तेव्हाच सर्वांत सोपं. म्हणून एकदा जोरदार फवारण्यापेक्षा सौम्य उपाय दर सात दिवसांनी, निदान दीड महिना करणं जास्त उपयोगी पडतं. थंडीत त्यांची वाढ मंदावते, तेव्हा हा काळ आणखी लांबतो.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पिठ्याला खाणारे आणि त्याच्या अंगात अंडी घालणारे कीटक आपल्याकडे भरपूर आहेत. ढालकिडे आहेत, हिरव्या जाळीदार पंखांचा क्रायसोपा आहे, मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या गांधीलमाश्या आहेत. मुंग्या त्यांना हाकलतात, कारण पिठ्या ही त्यांची साखरेची सोय असते. इमिडाक्लोप्रिडचा फटका याच मित्रांना बसतो. २०१९ मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी दाखवलं की अशी औषधं दिलेल्या लिंबूवर्गीय झाडांवर पिठ्यानं टाकलेल्या चिकट्यातही विष उतरतं आणि तो चाटणारे मित्रकीटक मरतात. म्हणजे पिठ्या उरतो आणि त्याचा शत्रू जातो.

आणि पेंड-युरिया. जास्त नत्र मिळालं की कोंब लुसलुशीत होतात, रसात नत्र वाढतं आणि पिठ्या वेगानं वाढतो. प्रदर्शनासाठी केलेली सगळी मेहनत अशी किडीच्या ताटात वाढली जात होती. वर बाल्कनीला छज्जा, त्यामुळे पावसाचा एक थेंब झाडावर पडत नाही. एरवी पहिल्या मोठ्या सरी अर्धा पिठ्या धुऊन नेतात.

डिसेंबरात काय केलं, काय टाळलं

मुळं धुऊन नव्या मातीत लावायचं हे तर ठरलंच. पण डिसेंबरात पुण्याची रात्र दहा-बारा अंशांवर येते, नांदरुक जवळजवळ थांबलेलं असतं, आणि पानं गळत असलेल्या झाडाची मुळं तेव्हा उघडी करणं धोक्याचं. म्हणून पूर्ण पुनर्लागवड फेब्रुवारीअखेरपर्यंत लांबवली. पूर्ण पानं काढायचाही मोह होता, कारण पानांबरोबर कीड जाते. पण ते फक्त सशक्त झाडाला, वाढीच्या दिवसांत करायचं असतं. काळवंडलेली आणि पिवळी पानं तेवढी काढली, आणि आतली दाटी कात्रीनं मोकळी केली म्हणजे हवा आणि ऊन खोडापर्यंत जाईल. तार सगळी कापून काढली. वेटोळ्याखाली प्रत्येक ठिकाणी पिठ्याची वस्ती होती. तार उलगडायची नाही, तुकडे करून काढायची, नाहीतर साल सोलली जाते.

नाशिकचे द्राक्ष बागाईतदार छाटणीनंतर खोडावरची सुटलेली साल खरवडून काढतात, कारण पिठ्या तिच्याखाली दडतो. बोन्सायलाही तीच नजर हवी. फांद्यांची बेचकी, जुन्या छाटणीचे वण, पारंबी खोडाला चिकटते ती फट. मऊ कुंचल्यानं तिथे सर्जिकल स्पिरिट लावलं. सत्तर टक्क्यांच्या आसपासचं अल्कोहोल मेण विरघळवतं आणि किडा जागीच मरतो. आधी दोन-तीन पानांवर लावून दोन दिवस वाट पाहिली, मग बाकीच्या झाडाला. पानांवर ओतायचं नाही, किड्याला टिपायचं.

त्यानंतर दर आठवड्याला पोटॅशियमचा मऊ साबण, लिटरला दहा मिली, संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूनं. भांडी घासायचा साबण यासाठी वापरू नये, तो पानावरचं नैसर्गिक मेणही काढतो. आणि पाणी बघावं. या सोसायटीत बोअरचं जड पाणी येतं. जड पाण्यात साबणाचा साका होतो आणि तो किड्यावर काम करत नाही. आम्ही फिल्टरचं पाणी वापरलं. एक आड एक आठवड्याला साबणाऐवजी १०,००० पीपीएमचा (म्हणजे एक टक्का कीडनाशक घटक असलेला) निंबोळी अर्क, लिटरला दोन-तीन मिली, तोही सूर्य मावळल्यावर. कोळशी ओल्या फडक्यानं पानागणिक पुसली. हे काम काकूंनी आवडीनं केलं, आणि पान हातात घेतलं की खालचा पिठ्या आपोआप दिसतो, हा त्याचा मोठा फायदा.

मुळांसाठी त्या वेळी एवढंच केलं: गड्ड्याच्या बाहेरचा सेंटिमीटरभर थर काडीनं खरवडला, बाहेरची मुळं पाण्याच्या धारेनं धुतली, कुंडी उकळत्या पाण्यानं घासली आणि गड्डा परत ठेवला. माती ओलसर ठेवायला सांगितलं, कारण मुळांवरचा पिठ्या कोरड्या मातीत जास्त माजतो. इमिडाक्लोप्रिड मातीत ओतायचा पर्याय होता. तो मी घेतला नाही. शेजारी तुळस आणि कढीपत्ता आहे, कुंड्यांचं पाणी एकमेकांत जातं आणि खालच्या मजल्यावर ठिबकतं. २०१७ मध्ये यवतमाळमध्ये फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक माणसं गेली. ती कापसाच्या शेतातली गोष्ट होती, पण हातमोजे न घालता, वाळत घातलेल्या कपड्यांशेजारी बाल्कनीत फवारा उडवताना तिची आठवण ठेवायला हवी.

मुंग्या

कुणाला या सगळ्यातलं एकच काम करायचं असेल तर मी मुंग्यांचं सांगेन.

मांडणीचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले. आपल्या आज्या दुधाच्या फडताळाचे पाय असेच ठेवत. पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकायचे, त्यामुळे मुंगी तरंगून पार होत नाही आणि डासही अंडी घालत नाहीत. पाणी दर आठवड्याला बदलायचं, नाहीतर डेंग्यूच्या तपासणीत सोसायटीला नोटीस येईल आणि ती योग्यच असेल. मांडणी भिंतीपासून वीतभर पुढे घेतली आणि ग्रिलला टेकणाऱ्या फांद्या आखूड केल्या. एक पान जरी भिंतीला लागलं तरी मुंग्यांना तेवढा पूल पुरतो.

भिंतीतल्या फटीशी साखरेच्या पाण्यात टाकणखार मिसळून छोट्या झाकणात ठेवलं. टाकणखार शेकडा एकच टक्का. जास्त घातला तर मुंगी वाटेतच मरते. कमी असला की ती ते वारुळात नेते आणि सगळ्यांना भरवते. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर हे उघड्यावर ठेवू नये. काकूंकडे दोन्ही नाही. डिसेंबर संपेपर्यंत रांग तुटली होती, आणि त्यानंतर पुंजके परत येण्याचा वेग जाणवण्याइतका कमी झाला.

पिठ्या मुळात आला कुठून, हेही शोधलं. बाल्कनीच्या दुसऱ्या टोकाला जास्वंद होतं, आणि जास्वंद म्हणजे पुण्यात पिठ्याचं माहेरघर. शेंडे आखडून, गुच्छ होऊन बसले होते. ते शेंडे कापून, पिशवीत बांधून कचऱ्यात दिले.

प्रदर्शन

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात झाड वरवर बरं दिसत होतं. काकूंनी विचारलं, "आता नेऊ ना रे? चार दिवसांचाच तर प्रश्न आहे." मी नको म्हटलं. मुळांत पिठ्या असलेलं झाड अशा ठिकाणी नेणं, जिथे पन्नास लोकांची वर्षानुवर्षं सांभाळलेली झाडं काठाला काठ लावून मांडलेली असतात, हे त्या लोकांवर अन्याय आहे. फिरतं पिलू वाऱ्यानं, कपड्यानं, कुंडी उचलणाऱ्याच्या हातानं जातं. काकूंना वाईट वाटलं आणि त्यांनी ते मानलं. याबद्दल मला त्यांचा फार आदर आहे. नवीन आणलेलं प्रत्येक झाड महिनाभर वेगळं ठेवायचं हा नियम आपण खरेदीच्या वेळी पाळतो. बाहेर नेतानाही तो तितकाच लागू होतो.

फेब्रुवारी ते पावसाळा

रात्रीचा गारवा सरला, शेंड्यांच्या टोकदार कळ्या फुगल्या, तेव्हा पुनर्लागवड केली. माती पूर्ण धुतली, मुळं उघडी होईपर्यंत. गड्ड्याच्या मधोमध, खोडाच्या अगदी खाली, सर्वांत मोठी वस्ती निघाली, आणि अर्धवट उपाय तिथपर्यंत कधीच पोचला नसता हे तेव्हा पटलं. एक तृतीयांश मुळं छाटली, उरलेली साबणाच्या पाण्यात थोडा वेळ बुडवून स्वच्छ पाण्यानं खळखळून धुतली. जुनी माती दुसऱ्या कुंडीत किंवा खतात टाकायची नाही. नवी माती विटांच्या तीन-चार मिलिमीटरच्या चुऱ्याची, जोडीला कोळशाची खडी आणि थोडं जुनं गांडूळखत. भोकाच्या जाळ्या नव्या. त्यानंतर तीन आठवडे सावली, आणि नवी पानं पक्की होईपर्यंत खत बंद.

मेमध्ये एकाच जागी पुन्हा पांढरं दिसलं, पारंबी आणि खोडाच्या फटीत. कुंचला आणि स्पिरिटनं ते आटोपलं.

जूनमध्ये काकूंचा घाबरलेला फोन: "अरे, मोठे झालेत! बोटाच्या पेराएवढे, आणि भराभर पळतायत!" फोटो पाहिला आणि काहीही पुसू नका म्हणून सांगितलं. जास्वंदीवर क्रिप्टोलेमसच्या अळ्या होत्या. हा ढालकिडा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. तो १८९८ मध्ये भारतात कॉफीवरच्या हिरव्या खवले किडीसाठी आणला गेला, आणि आज द्राक्ष बागाईतदार तो पिठ्यासाठी सोडतात. त्याच्या अळीच्या अंगावरही पांढऱ्या मेणाच्या झिपऱ्या असतात, त्यामुळे पाहणारा तिला मोठा पिठ्या समजून चिरडतो. फरक असा: पिठ्या तीन-चार मिलिमीटरचा आणि सुस्त, अळी सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि चालत राहते. प्रौढ ढालकिडा काळपट, डोकं नारिंगी. मुंग्या असत्या तर या अळ्या तिथे टिकल्या नसत्या. त्या आल्यापासून आम्ही साबण आणि निंबोळी दोन्ही थांबवलं.

नैसर्गिक शत्रूंची ताकद आपल्याकडे अलीकडेच मोठ्या प्रमाणावर दिसली आहे. पपईवरचा पिठ्या २००८ मध्ये कोइंबतूरला आढळला आणि पुढच्या दोन वर्षांत त्यानं बागा बसवल्या. २०१० मध्ये प्युर्टो रिकोहून त्याची परजीवी गांधीलमाशी आणून सोडली, तेव्हाच तो आटोक्यात आला.

जुलैत झाड छज्जाबाहेर काढलं, पाऊस थेट अंगावर येईल असं. व्हर्टिसिलियम ही किड्यांना मारणारी बुरशी लिटरला पाच ग्रॅम या प्रमाणात दोनदा संध्याकाळी फवारली. तिला दमट हवा लागते. डिसेंबरच्या कोरड्या हवेत ती दिली असती तर पैसे वाया गेले असते.

आज

पावसाळा संपताना मुळांचा गड्डा पुन्हा एका बाजूनं उचलून पाहिला. कुंडीच्या भिंतीला मेण नाही, मुळांची टोकं पांढरी आणि टणक आहेत. मुंग्यांच्या वाट्या जागेवर आहेत आणि राहतील. पेंड महिन्यातून एकदा, युरिया बंद.

डावी लांब फांदी वाचली नाही. ती फेब्रुवारीतच टोकाकडून वाळत आली आणि मार्चमध्ये खोडापर्यंत कापावी लागली. आकाराचा सगळा तोल त्या फांदीवर होता, त्यामुळे झाड सध्या उजवीकडे झुकलेलं वाटतं. खोडाच्या मागून निघालेला एक फुटवा मुद्दाम न छाटता लांब वाढवला आहे. पुढच्या मार्चमध्ये खोडाला आरपार बारीक छिद्र पाडून, पानं काढलेला तो फुटवा त्यातून ओवून डावीकडे काढायचा बेत आहे. नांदरुकात असं कलम एका-दोन हंगामांत एकजीव होतं. छिद्र कुठे घ्यायचं ते काकूंनी खोडावर खडूनं आखून ठेवलं आहे. जुन्या फांदीपेक्षा दोन बोटं खाली. मला ती जागा पटली आहे.